साईन म्हणजे उंची

गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या चाचणीची उत्तरपत्रिका घरी आली. फर्स्ट पीयूसी, सायन्स, विषय गणित, पंचवीसपैकी सहा. एका उत्तराशेजारी लाल पेनाने भलं मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. प्रश्न असा होता, की एक्स शून्याच्या जवळ जवळ जात असताना 'साईन एक्स भागिले एक्स' याची किंमत कशाच्या जवळ जाते? भावाने वरचा एक्स आणि खालचा एक्स कॅन्सल केला होता. मग उरलं काय? उत्तर म्हणून त्याने लिहिलं होतं, 'साईन'.

मी हसले. तो हसला नाही.

"हसू नकोस की ताई. मी सायन्स सोडणार आहे. पप्पांना तू सांग."

माझं हसू तिथंच थांबलं. कारण पाच वर्षांपूर्वी त्याच टेबलावर बसून मीही असलंच काहीतरी केलं होतं, फक्त ते कुणाला दाखवलं नव्हतं. आम्ही दोघंही दहावीपर्यंत बेळगावात मराठी माध्यमात शिकलो. पीयूसीला सगळं एकदम इंग्रजीत आलं. तेव्हा मी स्वतःची समजूत अशी घातली, की गणित मला येतं, इंग्रजी आड येतंय. सेकंड पीयूसी कशीबशी पार पडली आणि मी बी.ए.ला आले. इथं मला आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या उत्तरपत्रिकेनंतर भावाचं पुस्तक घेऊन तीन रविवार बसले, आणि लक्षात आलं की इंग्रजीचं कारण अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं काय होतं ते लिहून ठेवावं म्हणून हा लेख. मराठी माध्यमातून पीयूसीला जाणारी भावंडं आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असतील.

आधी ते 'साईन' उत्तर. ते चूक का, हे भावाला सांगताना गणिताची नाही, व्याकरणाची मदत झाली. समज, मी तुला विचारलं, "वजन किती?" तर तू काय म्हणशील? "कशाचं?" असंच विचारशील. साईनचं तसंच आहे. ती संख्या नाही, कुणाचं तरी काहीतरी आहे. कोन दिला की ती एक संख्या परत देते. कोन काढून घेतला तर नुसता 'चा-ची-चे' प्रत्यय लोंबकळत राहतो, मागे नामच नाही. त्यामुळे वरचा एक्स खालच्या एक्सने कॅन्सल होत नाही. तो साईनच्या पोटात आहे, शेजारी गुणाकारात उभा नाही.

माझी चूक याच जातीची होती. 'साईन, कंसात ए अधिक बी' दिसलं की मी कंस सोडवून 'साईन ए अधिक साईन बी' लिहायची. शाळेत कंस सोडवायला इतक्या वेळा शिकवलं होतं, की कंस दिसला की हात आपोआप चालायचा. एकदा तरी ताडून बघायला हवं होतं. ए ला ३० अंश आणि बी ला ६० अंश घ्या. ९० अंशांची साईन १. आणि ३० व ६० च्या साईनची बेरीज ०.५ अधिक ०.८६६, म्हणजे १.३६६. दोन ओळींत खोटं उघडं पडतं. पण मला ताडून बघायचं सुचलंच नाही, कारण त्या अक्षरांना काही अर्थ असेल असं मी धरलंच नव्हतं. मी खुणा हलवत होते. मराठीच्या तासाला अर्थ न कळता कविता पाठ केली तर मला चैन पडायचं नाही. गणिताच्या तासाला मात्र तेच रोज करायची आणि त्याला अभ्यास म्हणायची.

'फंक्शन' हा अख्खा धडा या एका गोष्टीसाठी असतो हे मला आत्ता कळलं. मराठीत त्याला 'फल' म्हणतात. एक घातलं की एक, आणि एकच, फळ हाती येतं. एफ ऑफ एक्स म्हणजे एफ गुणिले एक्स नव्हे, 'एक्सचं फल'. मध्ये षष्ठी आहे. हे कुणी आधी सांगितलं असतं तर! असो.

आता साईन कुणाचं काय? इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण मी अडकले ती खरी जागा हीच.

दहावीत साईन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. काटकोन त्रिकोण, ३० अंश, ४५ अंश, ६० अंश, एक तक्ता, संपलं. पीयूसीत पहिल्याच आठवड्यात फळ्यावर आलं, साईन १२० अंश. मी वहीत काटकोन त्रिकोण काढला आणि त्यात १२० अंशांचा कोन बसवायला लागले. बसेना. कसा बसेल? तिन्ही कोन मिळून १८० अंश, त्यातले ९० काटकोनाने आधीच खाल्ले. मग २१० अंश? उणे ३०? विचारायची लाज वाटली. बाकीच्यांना कळलंय असं वाटलं. (त्यांनाही कळलं नव्हतं, हे नंतर मैत्रिणींशी बोलताना कळलं.) शिकवणीत एक वाक्य पाठ करून घेतलं, 'ऑल स्टुडंट्स टेक कॉफी', म्हणजे पहिल्या भागात सगळी गुणोत्तरं धन, दुसऱ्यात फक्त साईन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. आणि त्या कॉफीवर मी दोन वर्षं काढली.

हा गुंता सुटला तो पप्पांमुळे. ते उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये आहेत, आयटीआय झालेले. पीयूसीच्या दोन वर्षांत मी त्यांना गणितातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांना कुठलं येणार, असं मी धरून चालले होते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं.

त्या रविवारी मिस्साहून आल्यावर मी भावाला वर्तुळ काढून काहीतरी समजावत होते, आणि मलाच ते नीट जमत नव्हतं. पप्पा चहा घेता घेता म्हणाले, "साईन म्हणजे उंची की. त्यात काय आहे?"

आम्ही दोघांनी वर बघितलं.

त्यांच्या शॉपमध्ये साईन बार नावाचं एक हत्यार असतं. पोलादाची अगदी सरळ पट्टी, दोन्ही टोकांना सारख्या मापाचे रोलर. त्या दोन रोलरच्या मध्यांमधलं अंतर नेमकं ठरलेलं. पप्पांच्या बारचं २०० मिलिमीटर. एखाद्या जॉबचा उतार बरोबर ३० अंशांचा आहे का हे बघायचं असेल, तर बारचा एक रोलर सपाट सरफेस प्लेटवर ठेवायचा आणि दुसऱ्या रोलरखाली स्लिप गेज रचायचे. किती उंच रचायचे? २०० गुणिले साईन ३०, म्हणजे १०० मिलिमीटर. तेवढे रचले की पट्टी बरोबर ३० अंशांत उभी राहते. कोनमापक लागत नाही. कोन म्हणजे उंची, उंची म्हणजे कोन.

पप्पांनी टेबलावर पट्टी तिरकी धरून दाखवली. मग मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि फिरवत राहिले. एक टोक टेबलावर टेकवून दुसरं वर नेत गेलं, की उंची वाढत जाते. ९० अंशांना पट्टी उभी, उंची पूर्ण २००. आणखी फिरवली की पट्टी पलीकडे कलते. १२० अंशांना तिचं टोक कुठं असतं? डावीकडे झुकलेलं, पण टेबलापासून अजून १७३.२ मिलिमीटर वर. म्हणजे ६० अंशांना होतं तितकंच. साईन १२० बरोबर साईन ६० ते एवढ्यासाठी! त्रिकोण हवाच कशाला? १८० अंशांना पट्टी आडवी, उंची शून्य. त्याच्याही पुढे नेली तर टोक टेबलाच्या खाली जायला हवं. २१० अंशांना १०० मिलिमीटर खाली, म्हणून उणे. सरफेस प्लेटच्या खाली स्लिप गेज रचता येत नाहीत, तेव्हा पप्पांचा साईन बार तिथं थांबतो. गणित थांबत नाही, ते पट्टी फिरवतच राहतं.

आणि कॉस म्हणजे ते टोक आडवं किती सरकलं. उजवीकडे धन, डावीकडे ऋण. झाली की तुमची कॉफी! वर-खाली आणि डावं-उजवं एवढंच त्या वाक्यात होतं. पाठ करण्यासारखं काहीच नव्हतं.

पप्पा उठता उठता म्हणाले, "पण ४५ च्या वर साईन बार लावायचा नाही. कोन चुकतो."

"का?"

"का ते माहीत नाही. आम्हाला तसंच शिकवलंय."

मग आम्ही मोबाईलवर आकडे काढले. १० अंशांना उंची ३४.७३ मिलिमीटर, ११ अंशांना ३८.१६. एका अंशासाठी ३.४३ मिलिमीटरचा फरक. आता ८० आणि ८१ अंश घ्या. १९६.९६ आणि १९७.५४, फरक फक्त ०.५८. तोच एक अंश, पण उंची जेमतेम हलली. म्हणजे स्लिप गेज रचताना तेवढीच बारीक चूक झाली, तर ८० अंशांपाशी कोन जवळजवळ सहापट जास्त चुकणार. पट्टी उभी व्हायला लागली की फिरते पुष्कळ, पण चढत नाही. पप्पांनी आकडे परत एकदा स्वतः काढून बघितले. इतक्या वर्षांनी कळलं म्हणून त्यांना आनंद झाला का, ते मला सांगता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, "होय की," आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

खिशावरून एक आडवळण. साईन या शब्दाचं कूळ मी पूर्वी वाचलं होतं, पण ते कधी गणिताला जोडलं नव्हतं. संस्कृतात या राशीला ज्या किंवा जीवा म्हणत, म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हा धनुष्याचा बाक, दोन टोकं जोडणारी रेघ ही दोरी, आणि तिची अर्धी लांबी म्हणजे आपली साईन. अरबांनी हा शब्द 'जीबा' असा उचलला. अरबी लेखनात स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे त्या अक्षरांचं 'जैब' असंही वाचन होतं, आणि जैब म्हणजे कपड्याचा छातीपाशी पडणारा घोळ. बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा अनुवादकाने घोळ या अर्थाचा लॅटिन शब्द घातला, 'सायनस'. त्याचीच साईन झाली. नाकातलं सायनसही तेच, आणि हिंदीतला खिसा या अर्थाचा 'जेब' हाही त्याच जैबमधून आलेला. म्हणजे इंग्रजी म्हणून ज्या शब्दाला मी घाबरले, तो इथूनच गेलेला शब्द चुकीचा वाचला जाऊन परत आला होता. आपल्या जुन्या पुस्तकांत ज्या आणि कोज्या हे शब्द आहेतच. पण खरं सांगायचं तर नुसता 'ज्या' शब्द मला पीयूसीत मिळाला असता तरी मी तोही पाठच केला असता. शब्द मराठी असल्याने दोरी दिसतेच असं नाही.

ही दोरी आर्यभटाला स्वच्छ दिसत होती. 'आर्यभटीय' या ग्रंथाचा काळ त्याच्याच श्लोकावरून इ.स. ४९९ येतो, आणि तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. त्याने पाव वर्तुळाचे चोवीस सारखे भाग केले. एकेक भाग पावणेचार अंशांचा. एका अंशाच्या साठ कला, म्हणून एकेक भाग २२५ कलांचा. आणि साईनचा तक्ता देताना त्याने उंच्या दिल्या नाहीत. प्रत्येक टप्प्याला उंची किती वाढते तेवढंच दिलं. ते आकडे असे सुरू होतात, २२५, २२४, २२२, २१९, २१५. आणि शेवट असा होतो, ५१, ३७, २२, ७.

मी हे आकडे वहीत उतरवले आणि माझ्या लक्षात आलं की हे पप्पांचंच वाक्य आहे. दर टप्प्याला पट्टी तेवढीच फिरते, पण पहिल्या टप्प्याला २२५ ने चढते आणि शेवटच्या टप्प्याला फक्त ७ ने. ४५ च्या वर साईन बार का लावू नये, ते या यादीत सरळ वाचता येतं. सगळ्या चोवीस संख्यांची बेरीज करा, ३४३८ येते. ती पट्टीची पूर्ण लांबी. पहिल्या आठांची बेरीज १७१९, बरोबर निम्मी, कारण आठवा टप्पा ३० अंशांचा. मी बेरजा हाताने केल्या. गणितात स्वतःहून, कुणी सांगितलं नसताना, मी केलेली ही पहिलीच बेरीज असावी.

आता भावाच्या प्रश्नाकडे परत. साईन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे जाताना. एक्सच्या जागी सरळ शून्य घातलं तर शून्य भागिले शून्य होतं, आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. लिमिटचा धडा या अडचणीतून सुरू होतो. बाळशास्त्री जांभेकर आपल्याला १८३२ च्या 'दर्पण'साठी माहीत आहेत, परीक्षेतही तेवढंच येतं. पण त्यांच्या पुस्तकांच्या यादीत 'शून्यलब्धिगणित' असंही एक नाव आहे, म्हणजे आजच्या भाषेत डिफरन्शियल कॅल्क्युलस. वृत्तपत्राच्या पहिल्या संपादकाने हेही मराठीत आणू पाहिलं होतं, याचं आमच्या वर्गात कुणाला नवल वाटलं नव्हतं, मलाही नाही. आता त्या नावातला 'शून्य' बघून मी थबकले.

मी भावाला आर्यभटाची यादी दाखवली. "पहिला टप्पा बघ. पट्टी किती फिरली?"

"२२५."

"आणि उंची किती चढली?"

"२२५." तो थांबला. "दोन्ही सारखंच?"

जवळजवळ सारखंच. पुढच्या टप्प्याला फिरणं ४५० आणि उंची ४४९. त्यापुढे ६७५ आणि ६७१. जसजसं वर जावं तसतशी उंची मागे पडते. जसजसं शून्याकडे यावं तसतसा बाक आणि दोरी यांतला फरक नाहीसा होतो. लहानशा बाकाची दोरी जवळजवळ बाकाएवढीच. म्हणून भागाकार एकाच्या जवळ जातो, आणि उत्तर १.

मला वाटलं, झालं. पण तो मोबाईल घेऊन बसला होता. त्याने एक्सला १ घातलं, साईन काढली, भागलं. मग ०.१ घातलं. मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ताई, एक कुठं येतंय? ०.०१७४५ येतंय. लहान केलं तरी तेच."

मी बघितलं. खरंच तेच येत होतं. पाच मिनिटं मी गप्प बसले, आणि मनात म्हटलं, गेलं, परत मला काही कळलेलं नाही.

मग यादीकडे बघता बघता सापडलं. आर्यभटाने बाकही कलांत मोजला होता आणि उंचीही त्याच कलांत. पूर्ण वर्तुळ २१६०० कलांचं. त्याला पायच्या दुपटीने भागलं की त्रिज्या ३४३८ च्या जवळ येते. म्हणून त्याची पट्टी इतक्या चमत्कारिक लांबीची आहे. १०० नाही, १००० नाही, ३४३८. तिची लांबी आणि तिने कापलेलं अंतर एकाच मापाने मोजायचं, असा त्यातला विचार. आमचा मोबाईल उंची त्रिज्येच्या मापात देत होता आणि कोन अंशांत घेत होता. एकीकडे मीटर, दुसरीकडे फूट, तसलाच प्रकार. ०.०१७४५ म्हणजे पाय भागिले १८०.

रेडियन म्हणजे हेच की! पट्टी स्वतःच्या लांबीइतकं अंतर फिरली की एक रेडियन. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, त्याच्या कला केल्या की तेच ३४३८. पीयूसीत मी रेडियनला 'अंश गुणिले पाय भागिले १८०' एवढंच समजत होते आणि अंश असताना ही भानगड कशाला, म्हणून चिडत होते. कशाला, तर बाक आणि उंची यांची एकमेकांशी तुलना करता यावी म्हणून.

भावाने कॅल्क्युलेटर रेडियनवर टाकला. ०.१ घातलं, ०.९९८३ आलं. ०.०१ घातलं, ०.९९९९८. मग ०.००१. मग तो बराच वेळ शून्यं वाढवत बसला.

सायन्स सोडायचं की नाही ते त्याने अजून ठरवलेलं नाही, आणि मीही पप्पांना काही सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी तो डेरिव्हेटिव्हचा धडा घेऊन आला. साईनचा डेरिव्हेटिव्ह कॉस कसा, असं विचारत होता. मी त्याला २२५ ते ७ ची यादी परत काढायला सांगितली आणि पप्पांना हाक मारली.